सुट्या चाकाचा हिशेब

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी आम्ही पतिपत्नी जोधपूरहून जैसलमेरला निघालो होतो. गाडी मुलाची, जेमतेम सात महिन्यांची. पोखरण मागे टाकून लाठीच्या दिशेने वीसेक किलोमीटर गेलो असू, तोच समोरच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला आणि पुढच्या डाव्या चाकातील हवा उतरत असल्याची सूचना झळकली. रस्त्याच्या कडेला बरीच मोकळी जागा पाहून गाडी उभी केली. उतरून पाहतो तो टायरच्या कुशीला, म्हणजे जमिनीला न टेकणाऱ्या बाजूच्या भागाला, बोटभर लांबीची चीर पडलेली. रस्त्यावर पडलेला लोखंडी पत्र्याचा तुकडा असावा. मी सवयीने डिकी उघडली, खालचे आवरण उचलले आणि थबकलो. जिथे सुटे चाक असायला हवे, तिथे एक छोटा हवापंप आणि पांढऱ्या द्रवाची बाटली होती. जॅक नव्हता, पाना नव्हता, चाक तर नव्हतेच.

पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मी बाटलीतील द्रव टायरमध्ये भरला. तो ताकासारखा त्या चिरेतून बाहेर आला आणि वाळूत मुरून गेला. कंपनीच्या मदतवाहिनीवर एका तरुणीने अत्यंत सौजन्याने सांगितले की अशा प्रकारची दुरुस्ती जागेवर होत नाही. गाडी उचलून नेणारे वाहन जोधपूरहून निघेल आणि त्याला किमान चार तास लागतील. दुपारचे साडेतीन वाजले होते. पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तीनच महिने झालेले. सावली म्हणावी तर एक खेजडीचे झाड, तेही दूर.

शेवटी मदत आली ती दुधाचे कॅन वाहणाऱ्या एका पिकअपच्या चालकाकडून. त्याने स्वतःच्या जॅकने गाडी उचलली, चाक काढले, खाली दगड रचले, आणि ते चाक घेऊन तो आठ किलोमीटरवरील फाट्याकडे गेला. तेथील पंक्चरवाल्याने चिरेच्या आतून जुन्या टायरचा तुकडा, ज्याला आपल्याकडे सर्वत्र 'गेटर' म्हणतात, तो बसवला, आत ट्यूब घातली आणि निरोप पाठवला : चाळीसच्या वर नेऊ नका, जैसलमेरला पोहोचताच टायर बदला. सव्वा तासात आम्ही मार्गस्थ झालो. पिकअपवाल्याने पंक्चरवाल्याचे चारशे रुपये तेवढे घेतले. स्वतःसाठी काही घ्यायला तो तयार झाला नाही.

चाळीसच्या वेगाने जैसलमेर गाठेपर्यंत विचार करायला भरपूर अवधी मिळाला. पस्तीस वर्षे प्रशासनात घालवलेल्या माणसाला अशा वेळी दोन प्रश्न पडतात. ते चाक तिथे नसावे असा निर्णय कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने घेतला? आणि त्या चाकाबरोबर जी जबाबदारी डिकीत असायची, ती आता कोणाकडे गेली?

कोतल घोडा ते स्टेपनी

इतिहासाच्या विद्यार्थ्याला राखीव साधनाची कल्पना नवी नाही. लढाईत स्वाराबरोबर रिकामा चालवला जाणारा कोतल घोडा हे त्याचे जुने रूप. अकबराच्या लष्करी व्यवस्थेत दहा स्वारांमागे वीस घोडे ठेवण्याचा दंडक होता : तिघांकडे प्रत्येकी तीन, चौघांकडे दोन आणि उरलेल्या तिघांकडे एकेक. स्वार कितीही शूर असला तरी घोडा थकला की तो पायदळातलाच एक होतो, हे त्या व्यवस्थेला उमगले होते. वाटचाल जितकी लांब आणि मुलूख जितका रुक्ष, तितकी राखीव घोड्याची किंमत अधिक.

मोटारीला हे शहाणपण सुचायला काही वर्षे लागली. हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये घेतले. ते विस्मृतीत गेल्यावर जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये ती कल्पना पुन्हा जन्माला घातली. हवेच्या टायरने प्रवास सुखाचा केला, पण पंक्चर ही नवी आपत्तीही सोबत आणली. आरंभीच्या मोटारींत सुटे चाक नसे. टायर बसला की रस्त्यातच तो उखडून, ट्यूब ठिगळून, पुन्हा चढवावा लागे. १९०४ मध्ये वेल्समधील लानेली गावच्या वॉल्टर आणि टॉम डेव्हिस या बंधूंनी यावर तोडगा काढला. आरे नसलेली एक धाव, तिच्यावर हवा भरलेला टायर, आणि ती बसलेल्या चाकाच्या बाजूला आवळून बसवण्याची सोय. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून त्या चाकाला त्यांनी स्टेपनी हे नाव दिले.

पुढे संपूर्ण बदलता येणारे चाक आले आणि डेव्हिस बंधूंचे साधन कालबाह्य झाले. ब्रिटनमध्ये तो शब्दही मागे पडला. मात्र भारतात, एका वेल्श गल्लीचे नाव काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत प्रत्येक ट्रकचालकाच्या तोंडी राहिले. ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेतही सुट्या चाकाला याच शब्दाचे रूप आहे. लांब अंतरे, विरळ वस्ती आणि खडबडीत रस्ते असलेल्या देशांना त्या वस्तूची गरज अधिक काळ भासली, असा अर्थ मी त्यातून काढतो.

टायर ही क्षुल्लक वस्तू नव्हे याची जाणीव राज्यकर्त्यांना दुसऱ्या महायुद्धाने करून दिली. १९४२ च्या आरंभी जपानने मलाया जिंकला आणि जगातील नैसर्गिक रबराचा बहुतांश पुरवठा दोस्त राष्ट्रांच्या हातून निसटला. रबराशिवाय सैन्य हलत नाही हे तेव्हा दिसले. स्वतंत्र होण्याच्या वर्षातच, १९४७ मध्ये, भारताने रबर कायदा केला. त्यातून आकाराला आलेल्या रबर मंडळाचे मुख्यालय आजही कोट्टायमला आहे. देशातील बहुतेक नैसर्गिक रबर केरळात पिकते आणि त्या खालोखाल त्रिपुरात. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील महामार्गांवर टायरच्या दुकानात मल्याळी कारागीर भेटतो, तेव्हा झाडाच्या चिकापासून फाट्यावरच्या ठिगळापर्यंतची साखळी पूर्ण झाल्यासारखी वाटते.

टायर वाचला

सुट्या चाकाशी माझे नाते मात्र ग्रंथांतून आलेले नाही. १९८७ साली राजस्थानात भीषण दुष्काळ होता. मी तेव्हा बाडमेर जिल्ह्यात तरुण उपविभागीय अधिकारी होतो. दुष्काळी कामे, चारा छावण्या आणि पाण्याचे टँकर यांच्या पाहणीसाठी रोज दीडदोनशे किलोमीटरची फिरती असे. माझ्या जीपवर पन्नाशीतले एक चालक होते. त्यांना सारे उस्ताद म्हणत, मीही तसेच म्हणे. जीपला दोन सुटी चाके बांधल्याशिवाय ते वाळूच्या मुलखात पाऊल टाकत नसत. पहाटे निघण्यापूर्वी सहाही चाकांवर टॉमीने एकेक ठोका मारून आवाज ऐकत. चाकात हवा किती आहे ते त्यांना त्या आवाजावरून कळे. सुट्या चाकावरही ठोका मारत, कारण, त्यांच्याच शब्दांत, 'बसलेली स्टेपनी म्हणजे नुसते ओझे.'

डिसेंबरच्या एका रात्री बालोतऱ्याहून बाडमेरला परतताना मागचे चाक बसले. रस्ता अरुंद, कडेला वाळूचा उतार. उस्ताद म्हणाले, ''हुकम, दोनअडीचशे पावलांवर ढाब्याचे पटांगण आहे. हळूहळू तिथवर नेतो.'' मी नको म्हणालो. सकाळी आठला बैठक होती आणि बसलेल्या चाकावर गाडी चालवली की टायर व ट्यूब दोन्ही कापले जातात, हे मला ठाऊक होते. सरकारी टायर किती किलोमीटर चालला पाहिजे याचा हिशेब असतो. त्याआधी तो निकामी झाला तर कारणे लिहून द्यावी लागतात. दुष्काळाच्या वर्षी अशा खर्चावर नजर अधिक करडी होती. मी म्हणालो, ''इथेच बदला, उस्ताद. पाच मिनिटांचे तर काम.''

त्यांनी वाद घातला नाही. मी विजेरी धरून उभा होतो. दोन नट आवळायचे राहिले असताना समोरून आलेल्या ट्रकच्या दिव्यांनी मागून येणाऱ्या दुसऱ्या ट्रकच्या चालकाचे डोळे दिपले असावेत. तो आमच्याकडे दाबला गेला. मी वाळूत फेकला गेलो. उस्तादांचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला. ट्रक थांबला नाही. बाडमेरच्या रुग्णालयात पोहोचायला दीड तास लागला आणि पाय काढावा लागला.

घटनेचा अहवाल मीच लिहिला. 'अज्ञात वाहनाची धडक, चालक गंभीर जखमी.' त्यात टायर हा शब्द नव्हता आणि माझा आदेशही नव्हता. खोटे काहीच नव्हते. अहवालाच्या नमुन्यात त्या गोष्टींना रकानाच नव्हता. उस्तादांना पुढे भांडारात बैठे काम मिळाले. काढलेला टायर पंक्चर काढून पुन्हा चढवला गेला आणि आणखी अकरा महिने चालला.

बऱ्याच वर्षांनी, ते निवृत्त झाल्यावर, मी त्यांच्या गावी गेलो. चहा झाल्यावर धीर करून म्हणालो, ''उस्ताद, त्या रात्री तुम्ही पटांगणापर्यंत नेतो म्हणाला होतात. मी ऐकले नाही.'' ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''हुकम, टायर सरकारचा होता, पाय माझा होता. लॉगबुकात टायरचा रकाना असतो, पायाचा नसतो. तुम्ही जे लिहिलेले होते त्याचाच हिशेब केला.'' त्यांच्या स्वरात कडवटपणा नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

ही हकीकत मी आजवर लिहिली नव्हती. आता लिहितो आहे ती एवढ्यासाठी की सुट्या चाकाच्या प्रश्नाकडे केवळ हळहळीने पाहता येऊ नये. लाठीच्या रस्त्यावर चाक नव्हते म्हणून आम्ही अडकलो. बालोतऱ्याच्या रस्त्यावर एक सोडून दोन चाके होती, आणि ती होती म्हणूनच अंधाऱ्या रस्त्याच्या काठावर एका माणसाला गुडघ्यावर बसवण्याचा मोह मला झाला. तेव्हा चाक असावे की नसावे हा प्रश्न अपुरा आहे. बसलेल्या टायरचा धोका कोणी आणि कुठे पत्करायचा, हा खरा प्रश्न आहे.

२०२० चा बदल

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. चालक धरून नऊ आसनांपर्यंतच्या आणि साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनात ट्यूबविरहित टायर, टायरमधील दाब दाखवणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा संच असेल, तर सुट्या चाकाची आवश्यकता राहणार नाही, असा तिचा आशय. आंतरराष्ट्रीय प्रमाणांशी सुसंगती आणि विजेवरील वाहनांच्या मोठ्या बॅटरीसाठी मिळणारी जागा ही कारणे त्या वेळी देण्यात आली.

ही कारणे पोकळ नाहीत. सुटे चाक पंधरा-वीस किलो वजन वागवते आणि बहुतेक गाड्यांच्या आयुष्यात क्वचितच उतरते. इंधनक्षमतेचे निकष कडक होत असताना उत्पादक प्रत्येक किलोचा विचार करणारच. ट्यूबविरहित टायरमध्ये खिळा घुसला तर हवा एकदम जात नाही. हळूहळू उतरते, आणि दाबदर्शक दिवा वेळीच सावध करतो. अशा साध्या छिद्रावर संचातील द्रव चालतो, आणि पुढच्या दुकानात थोडक्या पैशांत पक्के ठिगळ बसते. शिवाय एकटी प्रवास करणारी स्त्री, वृद्ध दांपत्य किंवा पाठीचे दुखणे असलेला माणूस यांनी महामार्गाच्या कडेला चाक बदलावे, ही अपेक्षा मुळातच किती रास्त होती? उस्तादांचा पाय आठवला की मला तरी ती रास्त म्हणवत नाही.

पण नियमाचा दुसरा अर्धा भाग लिहायचा राहून गेला. दुरुस्तीच्या संचाची मर्यादा स्पष्ट आहे. जमिनीला टेकणाऱ्या भागावरील लहान छिद्र तो बुजवतो. कुशीची चीर, खड्ड्यात आपटून वाकलेली धाव किंवा फुटलेला टायर यांपुढे तो हतबल असतो. बाटलीतील द्रवालाही मुदत असते, आणि ती संपल्याचे गाडी सांगत नाही. आपल्या रस्त्यांवर खिळ्यांइतकेच खड्डे, मोकळी खडी आणि ट्रकमधून पडलेले लोखंड आहे. ज्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांशी आपण सुसंगत झालो, ती ज्या देशांत घडली तिथे बहुतेक ठिकाणी मदतवाहन तासाभरात पोहोचते. नियम आयात करता येतो. त्याच्यामागची व्यवस्था आयात होत नाही, ती उभारावी लागते.

राखीव साधन काढून टाकणे हा नेहमीच काटकसरीचा निर्णय वाटतो, कारण वाचलेला खर्च लगेच दिसतो आणि पत्करलेला धोका दिसत नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील वीजजाळे लागोपाठ दोन दिवस कोसळले, तेव्हा काठोकाठ चालवलेल्या व्यवस्थेचे मोल कळले. उलट, अन्न महामंडळाच्या गोदामांतील ज्या धान्यसाठ्यावर उधळपट्टीची टीका होत असे, त्यातूनच २०२० च्या टाळेबंदीत कोट्यवधी कुटुंबांना मोफत धान्य देता आले. राखीव साठा ठेवायचा नसेल तर हरकत नाही. मात्र मग मदत कोठून, किती वेळात आणि कोणाच्या खर्चाने येईल, हे आधी ठरलेले असले पाहिजे.

सुट्या चाकाच्या बाबतीत ते ठरले नाही. पूर्वी धोक्याची तरतूद उत्पादक करत असे आणि ती गाडीच्या किमतीत असे. आता ती तरतूद गेली, आणि धोका रस्त्यावर उभ्या असलेल्या ग्राहकाकडे, किंवा माझ्या बाबतीत झाले तसे, दुधाच्या पिकअपवाल्याच्या सौजन्याकडे सरकला. त्याचा चांगुलपणा हा आपल्या समाजाचा ठेवा आहे. पण तो सार्वजनिक धोरणाचा आधार होऊ शकत नाही.

काय करता येईल

२०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे दगावली. राष्ट्रीय महामार्ग हे एकूण रस्त्यांच्या सुमारे दोन टक्के. पण एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू त्यांच्यावर होतात. उभ्या वाहनावर मागून आदळणे हा त्यातील एक ठरलेला प्रकार आहे. ती वाहने उभी का होती, हे मात्र आकडेवारीतून कळत नाही. माझ्या अहवालात जो रकाना नव्हता तोच अजूनही उणा आहे. म्हणून माझी पहिली सूचना कागदाची आहे. अपघाताच्या नोंदीत 'वाहन का थांबले होते' हा प्रश्न यावा : टायर, इंजिन, इंधन की चालकाची विश्रांती. कारण मोजले जाऊ लागले की उपायाची तरतूद मागता येते.

दुसरी सूचना विक्रीच्या क्षणाविषयी. गाडीत सुटे चाक नाही, हे ग्राहकाला त्याच्या भाषेत, ठळकपणे, लेखी सांगितले जावे आणि जादा किंमत देऊन चाक व जॅक घेण्याचा पर्याय प्रत्येक मॉडेलला असावा. जोधपूर शहरात फिरणाऱ्याला संच पुरेल. पोखरणच्या पलीकडे जाणाऱ्याला पुरणार नाही. निवड त्याची असू द्यावी.

तिसरी सूचना रस्त्याविषयी. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ ही मदतवाहिनी आहे; पथकर घेतलेल्या रस्त्यावर गस्तीवाहन, रुग्णवाहिका आणि क्रेन अपेक्षित आहे. या गस्तीवाहनात दुरुस्तीचे साहित्य, मोठा जॅक आणि दुरुस्तीच्या काळात मागून संरक्षण देणारा झगझगीत फलक असावा. ठरावीक अंतरावर रस्त्याबाहेर उभे राहण्यासाठी पक्के थांबे असावेत. मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ धोकादायक रीतीने वाहन उभे करण्यास मनाई करते. पण उभे राहायला सुरक्षित जागाच नसेल तर नागरिकाने काय करावे? २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ सदोष रस्तारचनेसाठी बांधणाऱ्याला व देखरेख करणाऱ्याला दंड सांगते. थांब्यांचा अभाव हा रचनेचाच दोष मानला जावा.

चौथी सूचना तपासणीची. मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असे नियम सांगतात. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यानंतर झिजलेल्या टायरच्या गाड्या प्रवेशापाशीच अडवण्याची मोहीम महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने राबवली. ती योग्यच होती. परंतु खासगी गाडीची टायर तपासणी नियमित अशी कुठेच होत नाही. धुराच्या प्रमाणपत्रासाठी गाडी ठरावीक काळाने केंद्रावर जातेच. तिथेच एका छोट्या मोजपट्टीने टायरची खोली, त्याच्या कुशीवर छापलेला निर्मितीचा आठवडा व वर्ष, आणि संचातील बाटलीची मुदत पाहायला दोन मिनिटे लागतील. विजेवरील गाड्या बॅटरीमुळे जड असतात आणि टायरवर अधिक भार येतो, पण त्यांना धुराचे प्रमाणपत्र लागतच नाही. त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागेल.

ज्यांच्या गाडीत अजून सुटे चाक आहे, त्यांच्यासाठी उस्तादांचे काही नियम येथे नोंदवतो. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, पाचही चाकांची हवा पाहावी. योग्य दाब चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो. कमी हवेचा टायर उन्हाळ्यात लांबच्या रस्त्यावर तापतो, आणि तापलेला टायर फुटतो. टायर फुटला तर ब्रेक दाबू नये. सुकाणू दोन्ही हातांनी सरळ धरून वेग आपोआप उतरू द्यावा. हवा गेलेल्या चाकावर, टायर कापला गेला तरी चालेल, पण हळूहळू रस्त्यापासून दूर सपाट, कठीण जागेपर्यंत जावे. चारी इशारादिवे लावावेत, चमकता त्रिकोण मागे किमान पन्नास पावलांवर ठेवावा, आणि प्रवाशांना गाडीत नव्हे तर रस्त्याबाहेर, कठड्यापलीकडे उभे करावे. हातब्रेक ओढून समोरच्या बाजूच्या चाकाला दगड लावावा. नट आधी अर्धा फेरा सैल करावेत आणि मगच गाडी उचलावी. आवळताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत व काही किलोमीटरनंतर पुन्हा पाहावेत. सुटे चाक आकाराने लहान असेल तर ते फक्त पुढच्या दुकानापर्यंतच, आणि ताशी ८० किलोमीटरच्या आत. उजव्या बाजूचे चाक वाहत्या रस्त्याकडे असेल आणि जागा अरुंद असेल, तर बदलूच नये. मदतीला बोलवावे आणि थांबावे. बैठक चुकली तर चुकू द्यावी.

जैसलमेरला आम्ही रात्री पोहोचलो. दुसऱ्या दिवशी नवा टायर घेतला आणि त्याच दुकानातून एक जुने पण धड चाक, एक जॅक आणि एक पाना विकत घेऊन डिकीत ठेवले. सामानाची निम्मी जागा गेली. मुलगा फोनवर म्हणाला, ''बाबा, गाडीचा मायलेज कमी होईल.'' होईल, हे खरे. तो आकडा गाडी पडद्यावर दाखवते. परतताना त्या फाट्यावर थांबून पंक्चरवाल्याला त्याचा गेटर घातलेला टायर परत दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि दुकानाबाहेरच्या ढिगावर टाकला. मग काही न विचारता डिकी उघडायला लावून नव्या सुट्या चाकावर टॉमीचा एक ठोका मारला. आवाज ऐकला आणि हवा भरायला नळी आणली.